अम्माची पेटी

अम्माला जाऊन चाळीस दिवस झाले, तेव्हा आम्ही भावंडांनी तिची पत्र्याची पेटी उघडली. आत काय असणार हे साधारण ठाऊकच होते. डांबराच्या गोळ्यांचा वास, पाच-सहा सुती साड्या, दोन इरकली लुगडी, एक काळी शाल, मावशीने उमऱ्याहून आणलेला जानमाज आणि अगदी तळाशी बिस्किटाच्या डब्यात भरलेली बटणे. अब्बांच्या आणि आमच्या फाटक्या सदऱ्यांची ती बटणे. सदरा बोहारणीला द्यायचा झाला की अम्मा आधी त्याची बटणे कापून घेई. बोहारीण कुरकुरायची. अम्मा म्हणायची, "कपडा तुला दिला, बटन कुठं दिलंय?"

पेटी उघडली आणि आमच्यात वाद सुरू झाला. थोरल्याचे म्हणणे, हे सगळे गोरगरिबांना देऊन टाकू, अम्माला सवाब पोहोचेल. आपाचे म्हणणे, एकही कपडा घराबाहेर जाऊ द्यायचा नाही, सगळ्यांची मिळून एक गोधडी शिवू. धाकट्याला दोन्ही पटले नाही. बोहारणीला द्या, चार भांडी येतील, ती मशिदीत ठेवू, असे तो म्हणाला. पुण्याला शिकणारी भाची तेवढ्यात मोबाइलवर चित्रे दाखवू लागली. इरकलीच्या काठांची उशांची आवरणे, साडीच्या पट्ट्या विणून केलेली टोपली, लाकडी चौकटीत ताणून भिंतीवर टांगलेला पदर. "नानी रोज डोळ्यांसमोर राहील," ती म्हणाली. थोरला म्हणाला, "आता नानीला भिंतीवर लावा!"

शरियतच्या हिशेबाने मयताचे कपडेही तरक्यातच येतात. सगळ्या वारसांची रजामंदी असल्याशिवाय कोणा एकाने ते परस्पर दान करू नयेत. आपल्यात हा नियम जमिनीच्या वेळी बरोबर आठवतो, लुगड्याच्या वेळी आठवत नाही. पण प्रश्न नियमाचा नव्हताच. जुन्या कपड्याचे काय करावे, ही गोष्ट वरकरणी बायकांच्या कामाची आणि फुरसतीची वाटते. आम्हालाही तशीच वाटत होती. त्या दिवशी पेटीभोवती बसल्यावर कळले की, आपण देतो ते काय देतो आणि ठेवतो ते कशासाठी ठेवतो, हा मोठा अवघड सवाल त्या कपड्यांच्या घडीत आहे.

देण्याची बाजू आधी बघू, कारण आपल्याला तीच सर्वांत सोपी आणि पुण्याची वाटते. रमजान आला की आपली कपाटे रिकामी होतात. तोकडे झालेले, रंग उडालेले, चेन तुटलेले असे सगळे पिशवीत भरतो आणि कामवाल्या बाईच्या हातात ठेवतो. मन हलके होते. कुरआनमध्ये सूरह बकरामध्ये या वृत्तीवर नेमके बोट ठेवले आहे. आपल्याला कोणी दिले तर डोळेझाक केल्याशिवाय आपण घेणार नाही, असे टाकाऊ निवडून खर्चू नका, असा त्या ताकिदीचा आशय आहे. आमच्या पिशव्यांना ही कसोटी लावली तर किती पिशव्या पास होतील? चेन तुटलेली पँट देताना चेन बसवून द्यावी, असे आमच्यातल्या एकालाही कधी सुचले नव्हते. अम्माच्या बटणांना आम्ही हसत होतो, पण आमची तऱ्हा काही वेगळी नव्हती.

2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून कपड्यांचे ढीग येऊन पडले. त्यातले पुष्कळ कपडे रस्त्याच्या कडेला तसेच पडून राहिले. घरदार वाहून गेलेल्या कोळ्यांनीही ते उचलले नाहीत. तेव्हा काही शहरी मंडळी म्हणाली की, या लोकांना मदतीची किंमत नाही. किंमत त्यांना होती, म्हणून तर उचलले नाहीत. दिल्लीच्या 'गूंज' या संस्थेने अशा नको असलेल्या कपड्यांची निवड करून त्यांना कामी लावण्याची खटपट केली. सुती कपडा निराळा काढून, धुऊन, कापून त्यातून बायकांच्या मासिक पाळीसाठी घड्या तयार करण्याचे तिचे काम पुढे देशभर माहीत झाले. आमच्या मते जुन्या कपड्याचा याहून मोठा सन्मान नाही, आणि नेमका तोच उपयोग आपल्या घरांत मोठ्याने बोलता येत नाही.

आता ठेवण्याची बाजू. मदिनेतल्या त्या लहानशा घरात एक प्रसंग घडला, तो हदीसमध्ये आला आहे. हजरत आयशा (रजि.) यांनी चित्रे असलेला एक पडदा लावला होता. प्रेषित मुहम्मद (स.) सफरीहून आले, त्यांना तो आवडला नाही. हजरत आयशांनी तो उतरवला, फाडला आणि त्याची उशी केली. एक किंवा दोन, असे सांगतात. प्रेषित (स.) त्या उशीला टेकून बसत. नापसंतीचे कारण चित्रे होती, काटकसर नव्हती, हे खरे. पण कपडा बाहेर फेकला गेला नाही. टांगलेला होता तो टेकायला आला, एवढेच. प्रेषित (स.) स्वतःचे कपडे स्वतः सांधत, चपला दुरुस्त करत, हेही हजरत आयशांनीच सांगितले आहे. आपल्याकडे या गोष्टी मिलादच्या वाजात सांगितल्या जातात. वाज संपला की ऐकणारे आणि सांगणारे दोघेही नव्या शेरवानीत घरी जातात.

ठिगळाचीही मौज होऊ शकते, हे आपल्या सूफींना फार पूर्वी कळले होते. लाहोरला दफन असलेल्या अली हुजवेरींनी अकराव्या शतकात 'कश्फुल महजूब' लिहिले. त्यात ठिगळांच्या झग्यावर एक सबंध प्रकरण आहे. फकिरीसाठी ठिगळ लावणारे आणि लोकांत मान मिळावा म्हणून ठिगळ लावणारे, हा फरक त्यांनी तेव्हाच ओळखला होता. आज मोठ्या शहरांतल्या प्रदर्शनांत गोधडी काही हजारांना मिळते. हात लावून पाहिले तर तुकडे नवे कोरे असतात, ठाणातून कापलेले. जुने दिसावे म्हणून नवे फाडायचे आणि मग जोडायचे! गुडघ्यावर फाटलेली पँट दुप्पट किमतीला घेणाऱ्या पोरांना काय बोलणार? त्यांच्याआधी थोरामोठ्यांनी हे केलेले आहे.

खरी गोधडी शिवणारी बाई ठिगळाला मिरवत नाही. तिला फक्त थंडी ठाऊक असते. खाली एक धड साडी अंथरायची, मध्ये फाटक्यांचे थर, वर दुसरी साडी आणि मग बोटभर अंतराने धावदोरा. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांच्यात मुसलमान, ख्रिस्ती, हिंदू तिन्ही आहेत. त्यांच्या बायका जी कवंदी शिवतात ती कडेकडेने सुरू होते आणि फिरत फिरत मध्यावर येऊन संपते. शेवटी चारही कोपऱ्यांना घडी घातलेले छोटे तुकडे लावतात. त्यांना फुला म्हणतात. फुला लावल्या नाहीत तर कवंदी उघडी राहिली असे त्या मानतात. उघड्याला पांघरूण घालणारी वस्तू, पण तिलाही उघडे ठेवायचे नाही! चिंध्यांची अशी अब्रू राखणाऱ्या बायकांना हे कोणत्या मदरशात शिकवले असेल?

आमच्या वादात मात्र गोधडीला एक अडचण आली. आपाला तिच्या मधोमध अम्माची हिरवी साडी हवी होती. थोरल्याच्या लग्नात अम्मा ती नेसली होती, फोटोत आहे. पेटी तीनदा उपसली. साडी नव्हती.

ती सापडली, पण दुसऱ्याच्या दारात. अम्माकडे वीस वर्षे धुणे-भांडी करणाऱ्या बाईंची सून बाळंत झाली म्हणून आम्ही बघायला गेलो होतो. उंबऱ्याशी पायपुसणे होते. पट्ट्या कापून, पीळ घालून, गोल गोल शिवलेले. हिरवे. कडेला ती ओळखीची पिवळी रेघ. आपा दारातच थबकली. तिचा पाय पुढे पडेना. आमच्यातल्या कोणाच्याच तोंडून शब्द निघेना, पण मनात एकच आले: अम्माने लग्नात नेसलेली साडी दिली आणि यांनी तिच्यावर पाय पुसले!

दिलेल्या वस्तूवर आपला किती हक्क उरतो? हजरत उमर (रजि.) यांनी एकदा एक घोडा अल्लाहच्या वाटेवर देऊन टाकला. ज्याला दिला त्याने त्याची नीट निगा राखली नाही. हजरत उमरना वाटले, आपण तो विकतच परत घ्यावा, स्वस्तात मिळेलही. त्यांनी प्रेषितांना (स.) विचारले. प्रेषितांनी (स.) साफ मना केले, एका दिरहमला मिळाला तरी घेऊ नका. घोड्याचे हाल होत होते, हे तिथे कारण म्हणून चालले नाही. दिले म्हणजे दिले. आम्हाला ही हदीस पाठ होती. तरी त्या उंबऱ्यावर आमचे मन ती साडी परत मागत होते, आणि मागताना त्या बाईंना गुन्हेगारही ठरवत होते.

आपाचे तोंड बघून बाईंना कळले असावे. त्या म्हणाल्या, "ताई, ते तुमच्या आईचं लुगडं हाय. तीन वर्सं म्या नेसलं. विरलं तवा थोरल्या नातवाला त्याची झोळी बांधली. झोळी फाटली तवा उरलं त्याचं हे केलं. टाकवंना मला." आणि मग, जरा हसून, "तुमच्या आईनंच शिकवलं हे पीळ घालायला."

आम्ही आत गेलो. बाळ एका मऊ जुन्या धडप्यात गुंडाळलेले होते. नव्या बाळाला नवा कपडा टोचतो, म्हणून आपल्याकडे आजीच्या साडीची दुपटी करायची रीत आहे. हिंदू-मुसलमान असा भेद तिथे नाही. माणसाच्या अंगाला पहिला कपडा जुना लागतो आणि शेवटचा आपण नवा घालतो. अम्माला पाच कपड्यांचे कफन होते, कोरे पांढरे. आयुष्यभर ईदखेरीज नवे न नेसलेल्या बाईला त्या दिवशी पाचही नवे. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी शेवटच्या आजारात अंगावरचा वापरलेला कपडाच धुऊन कफनात घ्यायला सांगितले होते. हा तर जुना आहे, असे हजरत आयशा म्हणाल्या, तेव्हा त्यांनी उत्तर दिले की, नव्यावर मेलेल्यापेक्षा जित्याचा हक्क जास्त. आमच्या पेटीपुढच्या सगळ्या वादाला हे उत्तर पुरे होते. आम्ही मेलेल्या अम्मासाठी भांडत होतो, आणि पेटीतल्या धड साड्या जित्या माणसांच्या होत्या.

इथे कोणी विचारील की, सगळेच असे जुने जपू लागले तर मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या मागावर बसलेल्यांनी काय खायचे? त्यांत आपले मोमीन भाऊ किती आहेत. सवाल बरोबर आहे आणि आमच्याकडे त्याचे पुरे उत्तर नाही. एवढे दिसते की, घरोघरी कपाटे फुटेस्तोवर भरली, तरी मागवाल्याची मजुरी काही त्या मानाने वाढलेली नाही. आणि आताचे पुष्कळसे कापड पॉलिस्टरचे. ते ना गोधडीत ऊब धरते, ना फडके होऊन पाणी टिपते. बोहारीणही ते नाक मुरडून घेते. तिचा हिशेब पक्का असतो. धड असेल ते धुऊन, शिवून जुन्या बाजारात जाते, फाटके सुती असेल ते यंत्रे पुसायला कारखान्यात. जुन्या लोकरीचे पानिपतला पुन्हा सूत होते, त्याची घोंगडी होतात, आणि पूर-भूकंपात वाटली जाणारी घोंगडी पुष्कळदा तीच असतात. आपण जिला दारात उभी करून एका पातेल्यासाठी घासाघीस करतो, ती बाई हे चक्र डोक्यावरच्या गाठोड्यातून फिरवत असते.

परत आल्यावर पेटी पुन्हा उघडली. या खेपेला फार बोलणे झाले नाही. धड होत्या त्या तीन साड्या आणि शाल आपाने धुऊन इस्त्री केली, एका ब्लाउजची हुक बसवली आणि त्या बाईंच्या घरी नेऊन दिली. एक इरकल भाचीला मिळाले, उशांची आवरणे करायला. हजरत आयशांचा हवाला तिने आमच्याच तोंडावर मारला, मग काय बोलणार? भिंतीवर टांगायचे मात्र राहिले. विरलेले सगळे गोधडीत गेले. शिवणाऱ्या मावशींनी मजुरी सांगितली, थोरल्याने न घासता दिली. मधोमध हिरव्याच्या जागी दुसऱ्या इरकलीचा तुकडा आला.

गोधडी आपाकडे आहे. पहिले काही दिवस तिने ती घडी घालून कपाटात वरच्या फळीवर ठेवली होती. मग थंडी पडली आणि तिच्या नातीने ती ओढून काढली. आता तिच्यावर एका कोपऱ्यात चहाचा डाग आहे, आणि शिवण दोन ठिकाणी उसवली आहे. आपा म्हणते, बटणाच्या डब्यात सुई होती, ती शोधून द्या.