पैसे तिचे, निर्णय कुणाचा?

तिशीतला माणूस शेअर बाजारात लाखभर रुपये घालवतो, तेव्हा आपण त्याला उतावळा म्हणतो. ऐंशीच्या बाईने औषधं आणून देणाऱ्या मुलाला लाखभर रुपये दिले, की मात्र आपण ‘तिला लुबाडलं’ म्हणतो. चुकीचा निर्णय घेण्याचा हक्क वयाबरोबर संपतो का? मला तसं वाटत नाही. मग लुबाडणूक ओळखायची कशी?

१८७२च्या भारतीय करार कायद्याचं सोळावं कलम इथे उपयोगी पडतं. व्यवहार शहाणपणाचा होता का, याआधी ते नात्याकडे बघतं. एकाची इच्छा दुसऱ्याच्या मुठीत होती का, आणि त्या जोरावर त्याने गैरवाजवी फायदा घेतला का? वयामुळे किंवा आजारामुळे समज मंदावलेल्या माणसाचा त्यात वेगळा उल्लेख आहे.

म्हणून मी रकमेआधी इतर गोष्टी बघते. त्यांचा फोन आता दुसराच कुणी उचलतो का? साध्या प्रश्नालाही ‘त्याला विचारून सांगते’ असं उत्तर येतं का? एटीएमचा पिन कुणाकडे आहे? पासबुक शेवटचं कधी भरलं? जुन्या मैत्रिणींचं येणं का थांबलं? यातली एखादी गोष्ट निरुपद्रवी असू शकते. सगळ्या एकत्र आल्या, की विचारायलाच हवं.

पण विचारलं की गुंता वाढतो. नात्यातल्या एक आजी मला म्हणाल्या होत्या, “तो पैसे काढतो, ठाऊक आहे मला. पण रात्री उठून पाणीही तोच देतो. तुमच्यापैकी कोण येणार आहे?”

ही संमती म्हणायची का? ‘नाही’ म्हटल्यावरही पाण्याचा तांब्या मिळणार असेल, तर ते देणं. मिळणार नसेल, तर ती खंडणी. हे फक्त त्याच सांगू शकतात, तेही त्याच्या माघारी. म्हणून त्यांना एकटं भेटावं, शेजारी बसून त्यांच्यासोबत पासबुक वाचावं. ते काढून आपल्या खिशात घालू नये. लांबच्या नातेवाइकांची काळजी कधीकधी वारशाची असते, हेही आजींना कळतं.

कायद्याचा आधार आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळवता येते, असं २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं २३वं कलम सांगतं. मात्र अशी अट होती हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२मध्ये म्हटलं. जानेवारी २०२५मध्ये त्याच न्यायालयाने या कायद्याचा अर्थ उदारपणे लावला. तरी बक्षीसपत्रात अट स्पष्ट लिहिलेली बरी. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइनही आहे.

तरीही रात्रीचं पाणी कायदा देत नाही. ते द्यायला दुसरं कुणी असेल, तरच आजींना पहिल्याला ‘नाही’ म्हणता येईल. ज्याला तक्रार करायची आहे, त्याने आधी आठवड्यातल्या दोन रात्री तिथे राहण्याची तयारी ठेवावी.