घर सोडले, ऋण सुटले?

घराची किल्ली परत दिली, शेवटचे वीजबिल भरले, पावती जपून ठेवली, की त्या घराशी आपला हिशेब संपला असे आपण धरून चालतो. जबलपूरजवळच्या बरगीतील भाड्याचे घर आम्ही सोडले, तेव्हा मीही तेच धरून चाललो होतो. अडीच वर्षांनी घरमालकांचे पत्र आले. मीटरवरील आकडे काही महिने चुकीचे नोंदले गेल्यामुळे वीज कार्यालयाने दुरुस्त बिल पाठवले होते. जोडणी त्या वृद्ध गृहस्थांच्या नावाची होती. वीज आम्ही वापरली होती.

प्रथम राग आला. चूक त्यांची, मग भुर्दंड मला का? नंतर मी कायद्याचा आसरा शोधला. 2003 च्या वीज कायद्यातील कलम 56 प्रमाणे, थकबाकी म्हणून सतत दाखवलेली नसेल, तर रक्कम देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर ती वसूल करता येत नाही. मला हायसे वाटले. परंतु राजस्थानातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली निर्णय दिला, की चुकीमुळे आकारायची राहिलेली रक्कम दोन वर्षांनंतरही मागता येते. मात्र तिच्यासाठी वीज तोडता येत नाही. वीज वापरली, की देण्याची जबाबदारी जन्मास येते, असेही न्यायालयाने म्हटले. सारांश, कायद्याने धाक काढून घेतला, ऋण पुसले नाही.

भाषांतराच्या कामात एका शब्दापाशी मी अनेकदा थांबलो आहे. मत्तयाने दिलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत क्षमा मागितली आहे ती 'ऋणांची'. त्याच ठिकाणी लूक 'पापे' हा शब्द वापरतो. मत्तयाचा ग्रीक शब्द सरळ देण्याघेण्याच्या व्यवहारातला आहे. त्या व्यवहाराचा एक साधा नियम आहे: ऋण सोडण्याचा अधिकार धनकोचा असतो; ऋणको स्वतःला ऋणमुक्त करू शकत नाही. मी नेमके तेच करू पाहत होतो.

तर मग बिल येईल तसे मुकाट्याने भरावे काय? मुळीच नाही. खरे माप व खरा तराजू ठेवण्याची लेवीयातील आज्ञा मोजणाऱ्यालाही बांधते. मी महिनावार नोंदी मागितल्या. आम्ही घर सोडल्यानंतरचा दीड महिनाही आमच्या माथी आला होता. तेवढ्या रकमेवर व विलंब आकारावर मी लेखी हरकत घेतली आणि उरलेली रक्कम घरमालकांकडे पाठवली. हिशेब मागणे म्हणजे अप्रामाणिकपणा नव्हे, आणि देणे देणे म्हणजे दुबळेपणा नव्हे.

परंतु माझे मन खऱ्या अर्थाने वळले ते बरगीच्या आठवणीने. तेथील धरणाचा जलाशय 1990 साली भरला. जबलपूर, मंडला व सिवनी जिल्ह्यांतील 162 गावे बाधित झाली. धरणाच्या मुख्य वीजगृहाची क्षमता 90 मेगावॅट आहे. त्या पाण्याकाठची माणसेही घर सोडून गेली; मात्र त्यांच्या हाती किल्ली परत देण्याचा दिवस कोणी ठेवला नाही. त्यांच्या नुकसानीचा हिशेब उशिरा मागितला, तर 'आता फार काळ लोटला' असे उत्तर आपल्याला न्यायाचे वाटेल काय? नसेल, तर स्वतःच्या देण्यापुरते ते उत्तर मी कोणत्या तोंडाने देऊ?

वाचकहो, आपल्या खणातही एखादी जुनी पावती असेल. ती पुन्हा एकदा उघडून पाहावी. तिच्यावर 'भरले' असा शिक्का असेलही. पण आपण दिले आहे काय?