मानपत्राचा मजकूर

घोडबंदरच्या रस्त्यावर, मीरा-भाईंदर नगराच्या अगदीं कडेला, चेणे म्हणून एक गांव आहे. एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाचें रान, दुसऱ्या अंगाला वसईची खाडी, आणि मधून रात्रंदिवस वाहणारी मालमोटारींची रांग. तेथें आमचे एक शिक्षक-स्नेही राहतात. येत्या ३ एप्रिलला मुलांकडून एक लहानसा समारंभ करवावा, निवृत्त अंतराळवीर राकेश शर्मा यांच्या गौरवाचें मानपत्र वाचवावें, आणि त्याबरोबरच आपल्याच प्रांतांतील खोडदच्या रेडिओ-दुर्बिणीचाही सन्मान करावा, असा त्यांचा बेत आहे. मजकूर आम्हीं लिहून द्यावा अशी त्यांनीं गळ घातली. चार विशेषणें तर जुळवायचीं, असें म्हणून आम्हीं होकार दिला. परंतु दुसऱ्याच वाक्यापाशीं लेखणी अडली. आपण नेमका कशाचा सत्कार करीत आहोंत, हें आमचें आम्हांलाच सांगतां येईना.

हकीकत सर्वांना ठाऊक आहे. १९८४ सालच्या एप्रिलच्या ३ तारखेस भारतीय वायुदलाचे स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा हे युरी मालिशेव व गेनादी स्त्रेकालोव या दोन सोव्हिएत सहकाऱ्यांसह बैकोनूरच्या तळावरून सोयूझ टी-११ या यानांतून निघाले, साल्यूत-७ या अवकाशस्थानकांत राहिले, आणि ११ तारखेस सुखरूप परतले. वरून भारत कसा दिसतो, या पंतप्रधान इंदिरा गांधींच्या प्रश्नाला त्यांनीं इक्बालांच्या गीताच्या आरंभीच्या शब्दांनीं दिलेलें उत्तर कित्येक घरांत अजून आठवलें जातें. पण या हकीकतींतील एक माणूस आपण नेहमीं गाळतों. विंग कमांडर रवीश मल्होत्रा यांनींही मॉस्कोजवळच्या त्याच केंद्रांत तेंच शिक्षण घेतलें होतें; शर्मा यांना कांहीं अडचण आली असती तर जायचें तें मल्होत्रांनीं. अडचण आली नाहीं, आणि ते भूमीवर राहिले. तयारी सारखी, सिद्धता सारखी. निवडीचें बोट मात्र एकावर टेकलें. मानपत्र गुणांचें असेल तर तें दोघांनाही द्यावयास हवें. आणि निवडीचें असेल तर तें निवडणाऱ्यांच्या हातीं द्यावें.

यावरून कोणी म्हणेल कीं असे सत्कार म्हणजे निव्वळ दैवाची पूजा. तें आम्हांस मान्य नाहीं. २६ सप्टेंबर १९८३ रोजीं याच स्त्रेकालोवांचा अग्निबाण उड्डाणापूर्वीं तळावरच पेटला होता. टोकावरच्या सुटकेच्या यंत्रानें ते व त्यांचे सोबती त्या ज्वाळांतून जेमतेम बाहेर फेकले गेले. सहा महिन्यांनीं तेच स्त्रेकालोव पुन्हां यानांत बसले, आणि शर्मा त्यांच्या शेजारीं. श्रेय हजारांत वाटतां येतें, खर्च कोट्यवधि लोकांत वाटतां येतो. परंतु त्या आसनावरची भीति वाटून घेतां येत नाहीं. ती ज्यानें एकट्यानें सोसली त्याला एकट्याला हार घालण्यांत अन्याय नाहीं.

तरीही आमच्या मतें त्यांचा खरा गौरव पुढेंच आहे. १९८७ सालीं वायुदलांतून निवृत्त होऊन ते हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्यें गेले, आणि नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यांत त्यांनीं कित्येक वर्षें विमानांचीं चाचणी-उड्डाणें केलीं. ज्याचें नांव पाठ्यपुस्तकांत गेलें, त्याला उरलेलें आयुष्य व्यासपीठांवर काढतां आलें असतें. त्यानें पुन्हां रोजचें, जोखमीचें, वृत्तपत्रांत न छापलें जाणारें काम पत्करलें. म्हणून मानपत्रांत बैकोनूरपेक्षां ओझरला दोन ओळी अधिक मिळाव्या असें आम्हीं सुचविलें. स्नेही हंसले. म्हणाले, “अहो, कारखान्यांत तर माझे मेव्हणेही जातात!” आम्ही म्हटलें, “तेंच तर!”

दुर्बिणीची गोष्ट याहून कठीण. सत्कार करावा तर तिला हार घालावयास मान नाहीं. जुन्नर तालुक्यांत, नारायणगांवाजवळ, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें ती उभारली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारें पंचवीस किलोमीटरच्या टापूंत पसरल्या आहेत. भरीव पत्र्याऐवजीं दोरांवर ताणलेली तारेची जाळी, म्हणून वजन हलकें आणि खर्चही बेताचा. ही दुर्बीण कांहीं पाठवीत नाहीं, केवळ ऐकते. १९ ऑक्टोबर २०१६ रोजीं युरोपचें स्कियापरेल्ली यान मंगळावर उतरत असतां त्याचा क्षीण संदेश कोट्यवधि मैलांवरून खोडदला ऐकूं येत होता. उतरण्याच्या थोडें आधीं तो बंद पडला. यान आदळून नष्ट झालें.

असें ऐकावयाचें तर भोवतीं शांतता हवी, कानांची नव्हे, रेडिओ-लहरींची. आणि ही शांतता आकाशांतून पडत नाहीं. ती आसपासच्या लोकांना पाळावी लागते. पुणें-नाशिक रेल्वेचा मूळ आखलेला मार्ग या भागांतून जाणार होता. गाड्यांच्या विजेच्या गोंगाटानें दुर्बीण बहिरी होईल अशी हरकत निघाली, आणि मार्ग बदलण्याची भाषा सुरू झाली. नारायणगांव, मंचर, संगमनेर या बाजूच्या लोकांनीं वर्षानुवर्षें जिची वाट पाहिली ती गाडी दूर जाणार म्हणून ते रागावले. त्यांना विज्ञानाचें महत्त्व कळत नाहीं असें शहरांत बसून म्हणणें फार सोपें आहे. येथें चेण्याला, ज्या रस्त्याचा आवाज मध्यरात्रींही थांबत नाहीं त्या रस्त्याकांठीं टाळ्या वाजवून आपण खोडदचा गौरव करणार. आणि त्या गौरवाची किंमत देणार तो आपला द्राक्षांचा माल वेळेवर बाजारांत पोंचवूं पाहणारा शेतकरी! दुर्बीण वांचलीच पाहिजे, याविषयीं आमच्या मनांत संदेह नाहीं; अशी दुसरी उभारणें सोपें नव्हे. परंतु ज्यांच्याकडून आपण शांतता मागतों त्यांना दुसरी वाट काढून देणें हें मागणाऱ्यांचें ऋण आहे, उपकार नव्हे.

तेव्हां मजकुरांत आम्हीं मल्होत्रांचें नांव घातलें, ओझर घातलें, आणि दुर्बिणीच्या परिच्छेदांत तिच्या भोंवतालच्या गांवकऱ्यांचे आभार मानले. स्नेह्यांनीं दोनदां वाचून पाहिला. मानपत्रांत आगगाडीचें भांडण कशाला, असें त्यांना प्रथम वाटलें. मग ती ओळ राहूं द्या म्हणाले. आतां त्यांची तक्रार एवढीच आहे कीं मजकूर लांबला, सातवीच्या मुलाला तो एका दमांत वाचवणार नाहीं. विशेषणें सगळीं काढून टाकण्याचें आम्हीं कबूल केलें आहे.