दुसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही

अमेरिकेतल्या एखाद्या लहानशा गावात ऑगस्टच्या अखेरीस एक थाई मुलगी येऊन पोचते. वय सोळा. यजमानीण तिला घर दाखवते, खोली दाखवते, शेवटी स्वयंपाकघरात नेऊन फ्रिजचं दार उघडते आणि म्हणते, "हे आता तुझंच घर. हवं ते घे, विचारत बसू नकोस." मुलगी हसून मान डोलावते. जेवणं सहालाच उरकलेली असतात. दहाच्या सुमारास तिच्या पोटात कावळे ओरडू लागतात. फ्रिज जिना उतरला की समोर आहे. ती उठत नाही. दुसऱ्या दिवशी टेबलावर कुणीतरी विचारतं, "आणखी घेणार?" ती म्हणते, "नको." भांडं पुढे सरकतं, आणि परत येत नाही.

ही 'ती' कुणी एक नाही. वर्षभरासाठी अमेरिकन शाळेत गेलेल्या अनेक थाई मुलामुलींची मिळून मी ती केली आहे. पण मराठी वाचकाला तिची भूक समजावून सांगावी लागणार नाही. परक्या घरी पहिल्या विचारण्याला 'नको' म्हणायचं, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. तो नकार नसतोच. यजमानाने पुन्हा विचारायचं असतं, तिसऱ्यांदा ताटात वाढूनच मोकळं व्हायचं असतं. आग्रह हा आपल्या पंगतीतला अर्धा संवाद आहे. अमेरिकन घरात मात्र पाहुण्याच्या शब्दावर विश्वास ठेवणं हाच त्याचा मान. नको म्हणाली म्हणजे नको. दोन्ही बाजूंनी सभ्यपणाच चाललेला असतो, आणि मधल्यामधे एक पोर उपाशी झोपते.

थाई भाषेत या संकोचाला 'क्रेंग-जाय' म्हणतात. 'क्रेंग' म्हणजे धाक, 'जाय' म्हणजे मन. आपल्यामुळे समोरच्याला तोशीस पडू नये, त्याच्या मनाविरुद्ध काही घडू नये, म्हणून आपलं मागणं आपणच गिळायचं. इंग्रजीत यासाठी सरळ एक शब्द सापडत नाही. मराठीत आहे: भीड. 'मला त्यांची भीड वाटते' हे वाक्य थाई माणसाला जसंच्या तसं पटेल. आपल्याकडे भिडेला भिकेची बहीण म्हणतात, तिथे मात्र ती माणसाच्या चांगुलपणाची खूण समजली जाते. ज्याला क्रेंग-जाय नाही, त्याला आईबापांनी वळण लावलेलं नाही.

ही भीड जेवणापुरती थांबत नाही. बँकॉकमध्ये ही मुलगी मेट्रोने, बसने, मोटारसायकल टॅक्सीने एकटी फिरत असे. अमेरिकन गावात सार्वजनिक वाहन नाही, आणि गाडी चालवायला विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या या योजनांमध्ये बहुधा बंदी असते. दुकानात, मैत्रिणीकडे, शाळेतल्या खेळांना जायचं तर प्रत्येक वेळी कुणाला तरी 'सोडता का?' असं विचारावं लागतं. म्हणून ती विचारतच नाही, आणि घरच्यांना वाटतं की हिला बाहेर पडायची आवड नाही. थायलंडमध्ये दिवसातून दोनदा अंघोळ हा साधा नेम. इथे पाण्याचं बिल वाढल्याचं कुणी सहज बोललं तरी ती महिनाभर मनाला लावून घेते. रात्री थंडी वाजते, दुसरी रजई कपाटात असते, पण कपाट उघडायचं कसं?

त्यात यजमान तिला पैसे घेऊन ठेवत नाहीत. अमेरिकन सरकारचा नियमच आहे की जे-१ या देवाणघेवाणीच्या व्हिसावर शाळेत आलेल्या या मुलांना ठेवून घेणाऱ्या घरांना मोबदला द्यायचा नाही. करात महिन्याला ५० डॉलरपर्यंत वजावट मिळू शकते, इतकंच. एका अनोळखी पोराला दहा महिने खाऊपिऊ घालायचं, आजारपण काढायचं, आणि बदल्यात काही नाही. सामान्य अमेरिकन माणसाच्या या मोठ्या मनाचं मला मनापासून कौतुक आहे. पण याच मोठेपणाने थाई मुलीचं तोंड आणखी बंद होतं. तिच्या भाषेत उपकाराला 'बुन-खुन' म्हणतात. शब्द फोडला तर पुण्य आणि गुण निघतात, दोन्ही पालीतून तिकडे गेलेले. ज्याचं बुन-खुन आपल्यावर आहे त्याच्याबद्दल तक्रार करणं म्हणजे कृतघ्नपणा. नियमाप्रमाणे योजना चालवणाऱ्या संस्थेचा स्थानिक प्रतिनिधी दर महिन्याला मुलीशी बोलतो. विचारतो, "सगळं ठीक आहे ना?" ती म्हणते, "हो." नोंद होते. मला इथे खरी काळजी वाटते. बिनसलेलं किरकोळ असो की गंभीर, भिडेचं उत्तर एकच असतं, आणि नोंदवहीत दोन्ही सारखीच दिसतात.

या देवाणघेवाणीतल्या एका जुन्या योजनेचा उगम युद्धात आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, फ्रान्समध्ये जखमी सैनिक वाहून नेणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची 'अमेरिकन फील्ड सर्व्हिस' उभी राहिली. दोन महायुद्धांतली हानी पाहिल्यावर त्या रुग्णवाहिका चालवणाऱ्यांना वाटलं की मुलांनी एकमेकांच्या घरात राहून पाहावं. १९४७ साली शाळकरी मुलांची पहिली तुकडी अमेरिकेत आली. थायलंड या योजनेत १९६२ साली आला. पुढे आग्नेय आशियाई देशांच्या 'आसियान' संघटनेचे सरचिटणीस झालेले सुरिन पित्सुवान १९६७-६८ मध्ये असेच मिनेसोटातल्या रशफर्डला राहिले होते. दक्षिण थायलंडच्या नखोन सी थम्मराटमधला एक मुस्लिम मुलगा, आणि भोवती मिनेसोटाचा बर्फ. त्याच काळात थायलंडच्या उतपाव तळावरून अमेरिकन बी-५२ विमानं व्हिएतनामवर बॉम्ब टाकायला उडत होती. एका देशाचे सैनिक इकडे, दुसऱ्या देशाची पोरं तिकडे. ते वर्ष सुरिन यांना किती घडवून गेलं ते मोजता यायचं नाही, पण पुढचं शिक्षणही त्यांनी अमेरिकेतच केलं, हार्वर्डच्या डॉक्टरेटपर्यंत.

शाळेत तर ही मुलगी एका घडीव जगातून निघून मोकळ्या मैदानात येऊन पडते. थायलंडमध्ये शाळेच्या टप्प्यांची नावं 'प्रथोम' आणि 'मथयोम'. आपले प्रथम आणि मध्यम. सकाळी आठला झेंड्यापुढे रांग, अंगावर गणवेश. केसांचेसुद्धा नियम होते: १९७२ पासून मुलांचे बारीक कापलेले, मुलींचे कानाच्या पाळीपर्यंत. अलीकडे ते सैल झाले. पण सगळ्यात महत्त्वाची असते ती वर्गखोली, 'होंग'. तीच चाळीसएक मुलं दिवसभर एकत्र, पुष्कळदा वर्षानुवर्षं. शिक्षक बदलतात, होंग बदलत नाही. अमेरिकन शाळेत उलटं. प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं, दर तासाला घंटा होते आणि सगळी शाळा कॉरिडॉरमधून वाहू लागते. सकाळी शेजारी बसलेली मुलगी दुपारी दिसतही नाही. मग जेवणाची सुट्टी येते. हातात ट्रे, समोर शे-दोनशे मुलं, आणि कुठल्या टेबलाशी जायचं याचा कसलाच नियम नाही. बर्फ, इंग्रजी, आईची आठवण हे सगळं एकीकडे आणि तो ट्रे धरून उभं राहण्याचं अर्धं मिनिट एकीकडे. गणवेश, रांग, केसांची लांबी यांना आपण जाच म्हणतो, आणि तो असतोही. पण आपली जागा आयती ठरलेली असणं किती आधाराचं होतं, हे तिला तिथे पहिल्यांदा कळतं.

हजेरीची गोष्ट तर मला फार लागते. पुष्कळ थाई नावांत संस्कृतातला 'वर' असतो, आशीर्वाद या अर्थाचा. थाई भाषेत त्याचा उच्चार 'फॉन'च्या जवळचा होतो, पण रोमन लिपीत तो ज्या अक्षरांनी लिहिला जातो, त्यांचा इंग्रजीत अश्लील चित्रपटांसाठीचा शब्द होतो. शिक्षिका नाव वाचतात आणि वर्ग फिदीफिदी हसतो. आईबापांनी दिलेला वर आणि त्याच्यावर ते हसू. थाई माणसांना घरगुती, छोटंसं टोपणनाव असतंच. त्या दिवसापासून ती तेवढंच सांगू लागते.

वर्गात ती बोलत नाही. थायलंडमध्ये 'वाय ख्रू'च्या दिवशी मुलं गुरूला फुलं देतात. 'ख्रू' म्हणजे आपला गुरूच. त्या फुलांत वांग्याचं फूल असतं, झुकलेलं, नम्रतेचं. आणि असते दूर्वा, जी तुडवली तरी पुन्हा फुटते. अशा गुरूला मध्येच थांबवून 'मला हे पटत नाही' म्हणायचं? अमेरिकन शिक्षक मात्र वर्गातल्या सहभागाचे गुण देतात, आणि गप्प बसणाऱ्याला समजलेलं नाही असं धरून चालतात. गणिताच्या तासाला हा समज अनेकदा गळून पडतो. तिथे उत्तर द्यायला बोलावं लागत नाही.

साधारण नाताळानंतर काहीतरी हलतं. एके दिवशी ती म्हणते, "मला भात हवा आहे." कपाटात नामप्ला, म्हणजे माशाचा सॉस, येतो. घरातली धाकटी मुलं नाक मुरडतात, मग चाखून पाहतात. संस्थेची मंडळी याला जुळवून घेणं म्हणतात आणि आनंदतात. मलाही आनंद होतो. मागता येणं ही लहान गोष्ट नाही. पण सोळा वर्षांच्या पोरीने आपली अख्खी रीत बदलायची आणि चाळिशीच्या यजमानांनी एकच प्रश्न पुन्हा विचारायला शिकायचं नाही, ही वाटणी मला न्याय्य वाटत नाही. यजमानांना तयारीच्या बैठकीत नियम, विमा, फोन नंबर सांगतात. तिथेच एक वाक्य सांगावं: 'नको' ऐकलंत, तर थोड्या वेळाने पुन्हा विचारा.

जूनमध्ये ती परतते. विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. थाई शाळा मेच्या मध्यावर सुरू झालेली असते आणि बुडालेलं वर्ष भरून काढायला अनेकींना खालच्या वर्गात बसावं लागतं. थायलंडमध्ये मोठ्याला 'पी' म्हणतात, धाकट्याला 'नोंग', आपल्या ताई-दादासारखं. ज्या कालपर्यंत नोंग होत्या, त्या आता तिच्याच बाकावर आहेत. त्या तिला पीच म्हणतात. घरी आई ताटात भात वाढते, विचारते, "आणखी?" मुलगी चटकन म्हणते, "नको, पोट भरलं." आणि आई, नेहमीप्रमाणे, वाढतेच.