ही फाइल परत घ्या

संपादक मंडळ,

वार्षिक अंकाची तुमची पीडीएफ काल रात्री शेवटच्या पानापर्यंत वाचली. आता मी लिहिते आहे ते तुम्हीही तसंच वाचा. खाली अंगठा टाकून मोकळे होऊ नका.

मुखपृष्ठावर मास्क लावलेली पृथ्वी आहे. ती तुमच्यापैकी कोणी काढलेली नाही, नेटवरून उतरवलेली आहे. आत 'कोरोना : शाप की वरदान' या एकाच विषयावर पाच निबंध, आणि त्यांतल्या दोन निबंधांत परिच्छेदच्या परिच्छेद सारखे. क्रीडा महोत्सवाचे फोटो मागच्या वर्षीचे, बक्षीस समारंभाचे त्याच्याही आधीचे. आणि संपादकीयात काय लिहिलंत? 'यंदा शाळा नीट भरली नाही, त्यामुळे अंकात देण्यासारखे फारसे काही घडले नाही.' चोरलेल्या निबंधांचा आला नाही इतका राग मला या एका वाक्याचा आला.

काही घडलं नाही? ३ जून २०२० च्या दुपारी तुम्ही कुठे होतात? निसर्ग वादळ आपल्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा तुमच्या घरांचे पत्रे उडाले, कौलं फुटली, आज्या-आजोबांनी लावलेल्या पोफळी आणि माड काही तासांत आडवे झाले. नवं रोप लावल्यावर सुपारी हातात यायला किती वर्षं थांबावं लागतं, हे इथल्या मुलांना पुस्तकातून शिकवावं लागत नाही. त्यानंतर कितीतरी दिवस गावात वीज नव्हती. सरकार सांगत होतं की शाळा बंद असली तरी शिक्षण सुरू आहे, आणि तुमच्यातले कित्येक जण फोन चार्ज करायला जनरेटर कोणाकडे आहे ते शोधत फिरत होते. मुंबईहून आलेले चाकरमानी गावोगावच्या शाळांत विलगीकरणात राहिले. मुलांच्या बाकांवर त्यांनी चौदा-चौदा दिवस काढले. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'साठी घराघरांतून ताप आणि ऑक्सिजन मोजला गेला. मागच्या दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्च २०२० ला व्हायचा होता, तो झालाच नाही. बाकीच्या विषयांची सरासरी काढून त्यांना भूगोलाचे गुण दिले. आणि तुमची तर दहावीची अख्खी परीक्षाच २० एप्रिल २०२१ ला रद्द झाली. ज्या परीक्षेच्या नावाने तुम्हाला पाचवीपासून दटावलं, ती द्यावीच न लागलेली ही तुकडी. या वर्षी काही घडलं नाही असं लिहिण्याआधी तुमचा हात थांबायला हवा होता.

पण याहून मोठी गोष्ट आहे, आणि ती सांगण्यासाठीच हे पत्र. तुमच्या 'आमचा वर्ग' या पानावरची नावं मी हजेरीपटाशी ताडून पाहिली. नऊ नावं नाहीत. का नाहीत ते मला कळलं. तुम्ही यादी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरून उतरवलीत. ग्रुप म्हणजे वर्ग, असं तुम्ही कधीपासून धरून चाललात? ज्याच्या घरात एकच साधा फोन आहे, तो ग्रुपवर कसा येणार? त्या नऊ जणांतला एक बापाबरोबर बोटीवर जातो. दोघी जणी मोडलेली वाडी साफ करण्यात घरच्यांना हात देत आहेत. एक मामाकडे गेला तो परतलाच नाही. नववीपर्यंत तुम्ही त्यांच्या डब्यातलं खाल्लंत. वर्षभर त्यांचं शिक्षण सुटलं हे त्यांचं दुखणं आहेच. तुम्ही त्यांना अंकातूनही काढलंत, तेही लक्षात न येता. हे मी खपवून घेणार नाही.

म्हणून ही फाइल परत घ्या आणि हजेरीपटापासून सुरुवात करा. पटावरच्या प्रत्येकाला एक पान, सगळ्यांना सारखंच. पहिला आलेल्याला दोन आणि नापास झालेल्याला अर्धं, असलं काही चालणार नाही. त्या पानावर प्रत्येकाने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं : या वर्षी मी कुठे बसून शिकलो, किंवा शिकायचं सोडून काय केलं? गोठ्यात बसलात तर गोठा लिहा. रेंजसाठी डोंगरावर चढत होतात तर तो दगड काढून दाखवा, त्यावर किती जण मावतात तेही लिहा. जाळी विणायला शिकलात तर कशी विणतात ते सांगा. लिहायला जमत नसेल त्याने सांगावं आणि तुमच्यापैकी कोणीतरी ऐकून लिहून घ्यावं. मात्र लिहिताना त्याची भाषा 'सुधारू' नका. तो घरात जसा बोलतो तसंच कागदावर उतरलं पाहिजे.

वर्गाचा फोटो निघाला नाही म्हणून मोबाइलवरचे चेहरे कापून कोलाज केलंत. ते काढून टाका. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली त्या दिवशी कोण कुठल्या बाकावर बसत होतं, त्याचा नकाशा हाताने काढा. भांडाल, एकमेकांना फोन कराल, खिडकीजवळ कोण होतं यावर वाद घालाल. घाला. त्या निमित्ताने त्या नऊ जणांना फोन तरी जाईल. दुसरा नकाशा गावाचा. कुठे रेंज येते, कुठे येत नाही, वादळात कोणाच्या वाडीतलं काय पडलं. वाडीतली पडलेली झाडं मोजून आणा. 'अतोनात नुकसान झाले' हे मला वर्तमानपत्रात वाचायला मिळतं. तुमच्याकडून मला आकडा हवा आहे, आणि त्या आकड्यापुढे घरच्या माणसाचं एक वाक्य.

मागच्या दहावीच्या मुलांना विचारा, न दिलेल्या पेपरचे गुण हातात आल्यावर कसं वाटलं. खिचडी शिजवणाऱ्या ताईंना विचारा, चूल बंद झाली तेव्हा घर कसं चाललं. शिपाईकाकांना विचारा, रिकाम्या शाळेची घंटा त्यांनी कधी वाजवली का. मी विचारलेलं नाही. ते तुमचं काम आहे.

एका बाबतीत मात्र जपून. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं आहे, त्यांना आधी विचारा. त्यांची इच्छा असेल तर त्या माणसाबद्दल त्यांनी स्वतः लिहावं. नसेल तर त्यांचं पान इतरांसारखंच राहील, त्यावर एकही शब्द येणार नाही. हार घातलेला फोटो आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', असलं साचेबंद काही मला दिसता कामा नये. फोन कोणाला घेता आला नाही, फी कोणाची राहिली, हेही त्याच्या तोंडून आल्याशिवाय छापायचं नाही.

प्रेस बंद आहे, डीटीपी कोण करणार, ही सबब पुढे करू नका. दापोली तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात मुलांसाठी दैनिक काढत होते, तेही हाताने लिहून. त्यांना ते जमलं, तुम्हाला वर्षाचा एक अंक जमेल. आखीव कागद, निळी शाई, डाव्या बाजूला दोन बोटं समास. ज्याचं पान त्याच्याच अक्षरात. अक्षर वाईट असलं तरी चालेल, दुसऱ्याचं चालणार नाही. निर्बंध उठेपर्यंत पानं ज्याच्या त्याच्या घरी राहू देत. नंतर मी स्वतः घरोघर येऊन गोळा करीन. झेरॉक्सचे पैसे मी भरते. बांधणी सुतळीने करू.

त्या नऊ जणांची वाटणी अशी : मंडळातल्या प्रत्येकाकडे दोन-दोन, उरलेला एक माझ्याकडे. ज्याच्याकडे फोन नाही त्याच्या शेजाऱ्याचा नंबर शोधा. गावातला कोणीही गावाबाहेरचा नसतो, नंबर मिळतोच. पहिल्याच फोनला लिखाण मागू नका. आधी कसा आहेस ते विचारा, आणि उत्तर ऐकून घ्या.

पानं हजेरी क्रमांकाने लागतील. संपादकांची पानंही त्याच क्रमाने, मधे कुठेतरी येतील. मुख्याध्यापकांचा संदेश सर्वांत शेवटी. त्यांना मी विचारलं आहे, त्यांची हरकत नाही.

तुमच्या मराठीच्या बाई