तुलनेची गावे

शास्त्रीय प्रयोगात एक पक्ष असा असतो, की ज्याच्या बाबतीत काहीच करावयाचे नसते. औषध दिले आणि गुण आला, एवढ्यावरून ते औषध गुणकारी ठरत नाही. औषध न घेताही तो माणूस बरा झाला असता की काय, हे कळल्याखेरीज शास्त्राचे समाधान होत नाही. म्हणून तशाच परिस्थितीतला दुसरा एक पक्ष घ्यावयाचा, त्याला ते औषध द्यावयाचे नाही, आणि दोन्हीकडची गणती सारख्याच काटेकोरपणे ठेवावयाची. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश आरमारातील शल्यवैद्याने स्कर्व्हीने आजारी पडलेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि त्यांतील एका जोडीला संत्री व लिंबे दिली. ते दोघे झपाट्याने सुधारले. बाकीच्या दहा जणांच्या वाट्याला समुद्राचे पाणी, शिरका असले काहीबाही आले. आज आपण त्या दोघांची गोष्ट कौतुकाने सांगतो. परंतु ते दहा जण नसते तर त्या दोघांच्या बरे होण्यातून कोणालाच काही शिकता आले नसते.

या दहा जणांचे आपण काय देणे लागतो, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. बारा खलाशांच्या ठिकाणी शेकडो तान्ही मुले आली की त्या प्रश्नाचे वजन बदलते. आणि तशी मुले शोधावयास आम्हाला सातासमुद्रांपलीकडे जावे लागत नाही.

गडचिरोली जिल्हा १९८२ साली जुन्या चांदा, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. धानाची शेती, मोहाची झाडे, तेंदूपानाचा हंगाम आणि पावसाळ्यात नदीनाल्यांनी तोडून टाकलेली गावे, असा हा मुलूख. १९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने येथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. लहान मुले कशाने मरतात याचा शोध घेता न्यूमोनिया हे मोठे कारण निघाले. गावातल्याच माणसांना, सुईणींनासुद्धा, श्वास मोजावयास शिकविण्यात आले. मोठे आकडे न येणाऱ्या बाईने दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळूचे घड्याळ रिकामे होण्याआधी लाल मण्यावर पोचली तर न्यूमोनिया समजून औषध द्यावयाचे. १९८८ साली सुरू झालेल्या या प्रयोगात ५८ गावांत असे उपचार झाले आणि ४४ गावे तुलनेसाठी होती. वर्षभराने पाहता पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू पहिल्या गावांत ८.१ आणि दुसऱ्या गावांत १७.५ होते. १९९० साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

पुढचा प्रयोग याहून अवघड होता. जन्मल्यापासून २८ दिवसांच्या आत जी मुले जातात, ती वाचतील काय? यासाठी ३९ गावांत उपचार करावयाचे आणि ४७ गावे तुलनेस ठेवावयाची असे ठरले. १९९५-९६ या एका वर्षात त्या ३९ गावांतील ७६३ नवजात बालकांच्या नोंदी झाल्या. जवळजवळ निम्म्या मुलांना जिवावर बेतणारा आजार झाला होता आणि वैद्यकीय उपचार मिळाले होते अवघ्या २.६ टक्क्यांना. त्यानंतर थोडे शिकलेल्या गावच्याच स्त्रियांना गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, कमी वजनाच्या बाळाला ऊब देणे, आणि रक्तात जंतुदोष झाल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शन टोचणे शिकविण्यात आले. उपचारांच्या गावांत नवजात मृत्यूचे प्रमाण हजारी ६२ होते, ते १९९७-९८ पर्यंत २५.५ वर आले. तुलनेच्या गावांत ते ५८ होते, आणि त्याच मुदतीनंतर ५९.६ राहिले.

हा शेवटचा आकडा मला अस्वस्थ करतो. ६२ चे २५.५ झाले ही बातमी जगभर गेली, आणि ती जावी अशीच होती. परंतु ५९.६ या आकड्यातही माणसे आहेत. आपल्याकडे पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते अशी समजूत आहे, आणि बारसे बाराव्या दिवशी होते. नवजात मृत्यूंपैकी बहुतेक पहिल्या आठवड्यातच घडतात. म्हणजे ही मुले नाव मिळण्यापूर्वीच गेली. शाळेच्या दाखल-खारीज पुस्तकात ती येण्याचा प्रश्नच नव्हता. सरकारदरबारी त्यांची नोंद झाली असेल याचीही शाश्वती नाही, कारण असले मृत्यू सरकारी आकड्यांतून किती मोठ्या प्रमाणावर निसटतात हे २००१ सालच्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने दाखवून दिले आहे. ती मुले जन्मली होती याचा अनेकदा एकच कागदी पुरावा राहिला असेल, तो म्हणजे संशोधकाची वही.

तेव्हा सरळ प्रश्न असा, की मोजले आणि दिले नाही, हे नीतीला धरून झाले काय? वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांत अशा प्रयोगांविषयी वाद झालेले आहेत, आणि दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

संशोधकाची बाजू प्रथम घेऊ. १९९५ साली नवजाताच्या जंतुदोषावर उपचार फक्त रुग्णालयातच व्हावयास हवेत, असेच वैद्यकशास्त्र मानीत होते. पाचवी-सातवी शिकलेल्या बाईच्या हाती इंजेक्शनची सुई देणे हे धाडस होते. ते अंगावर आले असते तर जी गावे उपचारांतून वगळली तीच सुदैवी ठरली असती. म्हणजे प्रयोगाच्या पहिल्या दिवशी कोणते गाव भाग्यवान आणि कोणते अभागी हे खरोखरच कोणाला ठाऊक नव्हते. जे आपल्यापाशी आहे ते न देणे म्हणजे नाकारणे; जे गुणकारी आहे की घातक हे कळलेलेच नाही, ते न देण्याला नाकारणे म्हणता येत नाही. शिवाय तुलनेच्या गावांतून काही काढून घेतले नव्हते. सरकारी दवाखाना, परिचारिका, जे काही पूर्वी होते ते तसेच होते.

हा युक्तिवाद मला पटतो, पण पूर्णांशाने नाही. अज्ञान हे काही एका दिवशी मावळत नाही. ते हळूहळू विरळ होते. पहिल्या वर्षी ठाऊक नसते, दुसऱ्या वर्षी संशय येतो, तिसऱ्या वर्षी जवळजवळ खात्री होते. मग नेमक्या कोणत्या सकाळी ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ हे वाक्य खोटे होते? अलीकडे मोठ्या प्रयोगांवर त्रयस्थ तज्ज्ञांची समिती नेमतात. ती मधूनमधून आकडे पाहते आणि फरक स्पष्ट झाला की प्रयोग थांबविण्याचा सल्ला देते. ती सकाळ ओळखण्याचे काम प्रयोगकर्त्याच्या आशेवर किंवा हट्टावर सोडू नये, हे यातले शहाणपण होय.

अज्ञान खरे की सोयीचे, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत उपदंश झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांवाचून नुसते पाहत ठेवले. १९४० च्या दशकात पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिले नाही, आणि त्यांना खरे सांगितलेही नाही. तेथे अज्ञान नव्हते. होता तो निखालस अपराध. गडचिरोलीचे नाव त्याच्या पंक्तीला बसविणे हा अन्याय होईल.

परंतु या दोहोंच्या मध्ये एक धूसर पट्टा आहे आणि त्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात, ज्याचे नाव आता धाराशिव आहे, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा प्रयोग झाला. एक लाख एकतीस हजारांहून अधिक स्त्रियांचे चार गट होते. तिघांची तीन वेगवेगळ्या पद्धतींनी तपासणी झाली, चौथ्याला माहिती दिली, पण तपासणी केली नाही. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा विषाणूची चाचणी केलेल्या गटात त्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते. साधारण तेवढ्याच मोठ्या चौथ्या गटात ६४. टीकाकार म्हणाले, की पॅप चाचणीने हा कर्करोग आधी ओळखता येतो हे पाश्चात्त्य देशांना कित्येक दशके ठाऊक होते, मग चौथा गट हवाच कशाला? संशोधक म्हणाले, की या जिल्ह्यात कोणत्याही स्त्रीची तपासणी होतच नव्हती. नेहमीची स्थिती तीच होती. दोघेही खरे बोलत होते. वाईट होती ती नेहमीची स्थिती. तिच्याशीच तुलना करावयाची म्हटले की ज्या गरिबीबद्दल लाज वाटावयास हवी ती प्रयोगाची एक सोय होऊन बसते.

येथे मला एक गोष्ट उमगते. गडचिरोलीच्या ४७ गावांना जे मिळत होते, तेच त्या वेळी हिंदुस्थानातील बहुतेक खेड्यांना मिळत होते. तसे पाहिले तर सारा ग्रामीण देश हेच एक तुलनेचे गाव होते. फरक इतकाच, की या ४७ गावांत कोणीतरी वही घेऊन मोजीत होते. मोजल्यामुळे मृत्यू डोळ्यांना दिसले आणि दिसले म्हणून आपण मोजणाऱ्याला जाब विचारतो. जेथे कोणी मोजीत नव्हते तेथे जाब कोणाला विचारणार? आम्हा लेखकांनाही हा पेच परका नाही. दुसऱ्याच्या घरचे मरण पाहून येऊन लिहिणारा काहीतरी घेऊन जात असतो, आणि त्या घराला बहुधा काही देत नाही. तरी त्याने पाहिलेच नसते तर ते घर अधिक सुखी झाले असते, असेही नाही. पाहणे हा गुन्हा नव्हे. पाहिल्यानंतर आपण ते काय करतो, यावर त्याची नीती ठरते.

आणि म्हणूनच खरा हिशेब प्रयोग संपल्यावर सुरू होतो. नवजातांवरील प्रयोगाचे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. बाळंतपणानंतर आशाताईने घरी सहा वेळा, आणि बाळंतपण घरीच झाले असल्यास सात वेळा, ४२ व्या दिवसापर्यंत जावे, असा कार्यक्रम केंद्र सरकारने देशभर लागू केला तो २०११ साली. मध्ये बारा वर्षे गेली. ती सारी आळसात गेली असे मी म्हणणार नाही. एका जिल्ह्यात जमले ते इतरत्र जमेल काय, हे तपासणे रास्त होते. बांगलादेशात सिल्हेट येथे आणि उत्तर प्रदेशात शिवगड येथे असे प्रयोग झाले आणि त्यांचे निष्कर्ष २००८ साली आले. घरभेटींची शिफारस जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००९ साली केली. परंतु प्रत्येक फेरतपासणीला नवी तुलनेची गावे लागतात हे विसरता येत नाही. ‘आणखी पुरावा आणा’ हे म्हणणे सोपे असते. त्याची किंमत म्हणणाऱ्याच्या घरी वसूल होत नाही, इतकेच.

संशोधकाने तीन वर्षे हात आवरला म्हणून आपण नीतीची चर्चा करतो. तेव्हा त्याच्यापाशी निदान ‘ठाऊक नव्हते’ हे उत्तर होते. ज्ञान छापून आल्यानंतर जी वर्षे जातात त्यांत हे उत्तर कोणापाशीच नसते. तरी त्या वर्षांची चर्चा कोणत्याही नीतिसमितीपुढे येत नाही. हेलसिंकीच्या जाहीरनाम्यात २००० साली असे कलम आले, की प्रयोग संपल्यावर त्यात भाग घेतलेल्या रुग्णांना सिद्ध झालेला उत्तम उपचार मिळावा. चांगले कलम आहे. पण ते डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिले आहे. उपचार घरोघर पोचविण्याची ताकद ज्या सरकारांत असते त्यांची सही त्यावर नाही.

माझ्या मते ती सही प्रयोगाआधीच घेतली पाहिजे. एखाद्या जिल्ह्यात तुलनेची गावे ठरविताना संशोधकाने जशी गावाची परवानगी घ्यावयाची, तसेच सरकारकडून लिहून घ्यावे: हे सिद्ध झाले तर आम्ही ते इतक्या मुदतीत, सर्वांत आधी तुलनेच्या गावांत, आणि मग जिल्ह्यात व राज्यात पोचवू. जे सरकार एवढे लिहून देण्यास तयार नसेल त्याच्या प्रजेवर असा प्रयोग करण्याचा अधिकार विद्येलाही असू नये. यामुळे काही प्रयोग अडतील हे मला मान्य आहे, आणि अडलेल्या प्रयोगामुळेही माणसे मरतात हा आक्षेपही खरा आहे. तरीही मी हीच अट धरीन. कारण ज्याला काहीच दिले नाही त्याच्याकडून आपण पुरावा घेतलेला असतो, आणि घेतलेल्या वस्तूची पावती देणे हा साध्या व्यवहाराचाही नियम आहे.

आज एखादी आशाताई भर पावसात चिखल तुडवीत ओल्या बाळंतिणीच्या घरी जाते, वजनकाटा काढते, बाळाच्या अंगाचा ताप पाहते आणि श्वास मोजते. तिचा मोबदला वेळेवर मिळत नाही म्हणून तिला रस्त्यावर यावे लागते, हे आपण वर्तमानपत्रांतून वाचतो. तिच्या हाती असलेले ज्ञान एका बाजूने ३९ गावांनी दिले आणि दुसऱ्या बाजूने ४७ गावांनी. त्या ४७ गावांतील बिननावाच्या मुलांचे ऋण फेडण्याचा दुसरा मार्ग आपल्यापाशी नाही. तिची सहावी भेट चुकणार नाही आणि तिचे पैसे थकणार नाहीत, एवढे पाहणे आहे.