निनावी

नाव झाकून बोलावे का, हा प्रश्न मला भाईंदरच्या फलाटावर पडला. गाडीची वाट पाहत उभे असलेल्या एका लेखकस्नेह्यांनी आपला मोबाईल पुढे केला. त्यांच्या नव्या कादंबरीविषयी कुणा 'सत्यवक्त्या'ने दोन विषारी ओळी खरडल्या होत्या.

"मास्तर, कोण असेल हो हा?"

"असेल कुणी रिकामटेकडा," मी म्हणालो. तो रिकामटेकडा मीच होतो.

घरी येताना मी मनाची समजूत घालू लागलो. टोपणनाव घेणे हे काय पाप आहे? गोपाळ हरि देशमुखांनी 1848 पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात शंभरांवर पत्रे लिहिली, ती 'लोकहितवादी' याच नावाने. स्वतः ब्राह्मण असून त्यांनी स्वजातीवरच कोरडे ओढले.

पण समजूत पटेना. त्यांचे टोपणनाव एकच राहिले. कालच्या पत्राचा जाब आजच्या पत्राला विचारता येत होता. माझा 'सत्यवक्ता' दोन ओळींपुरता जन्मला आणि मेला. जाब विचारायचा कुणाला?

नाव झाकणे हे दुबळ्याचे चिलखत आहे. बलिष्ठांविरुद्ध बोलणाऱ्याला ते हवेच. मला मात्र कुणाचेच भय नव्हते. जे तोंडावर म्हणण्याची लाज वाटली, ते म्हणण्यासाठी मी ते चढवले.

कादंबरीतले दोष मला आजही दिसतात; ते सांगणे सोपे आहे. त्या ओळी कुणाच्या, हे सांगणे अवघड. हा अंक त्यांच्या हाती पडण्यापूर्वी मला त्यांच्या घरी जायला हवे.